कामिनीच्या मुळाचं विरजण

४ फेब्रुवारी, मंगळ.
साहेब आज गेटपासून चालत आले. कधी येत नाय चालत. कामिनीच्या कुंपणाकडं बोट केलं. "कांताबाई, दिवाळीनंतर लावलीत ना ही? अजून गुडघ्याला लागत नाहीत. पाडव्यानंतर हेड ऑफिसची माणसं येणारेत. तोवर मला इथं हिरवी भिंत पाहिजे. नाहीतर बागेचं काम पुण्याच्या पार्टीला देऊन टाकतो."
म्हणलं, साहेब, जमीन कुठंय इथं? कंपनी बांधताना वरची काळी माती ट्रकनं उचलून नेली. खाली नुसता मुरूम. त्यात बाभळसुद्धा रडंल.
"ते मला नका सांगू."
मग कुणाला सांगू? मुरमाला?
काम गेलं तर विमल, रझिया, बाकीच्या बाया अन् मी, सगळ्या घरी. बिडकीनकडं कंपन्या लई झाल्यात, पण आमच्या वयाच्या बाईला मशीनवर कोण उभं करतंय. झाडलोट अन् बाग, एवढंच.
पानं पिवळी. शेंडा हलत नाय. खत दिलं, पाणी दिलं. अजून काय द्यावं, डोकं?

६ फेब्रु.
सूनबाईनं आज डोकं खाल्लं. अश्विनीनं कृषी डिप्लोमा केलाय. नोकरी लागंना म्हणून यंदा माझ्याच टोळीत कामाला येती. कामाला वाईट नाय. तोंड जास्ती.
म्हणती, "आई, त्या मुरमात जीवच नाय. मुळांना बुरशी लागती."
मी पोळी लाटत होते. लाटणं तसंच राहिलं. बुरशी? अगं, माझ्या बापाची पैठणकडची मोसंबीची बाग बुरशीनं गेली. बुडातून डिंक गळायचा अन् उभं झाड वाळायचं. तवापासून मी रोप लावलं की खड्ड्यात तांब्याभर मोरचुदाचं निळं पाणी ओतती. आमच्या टोळीची खूण हाय ती. लोक निळा खड्डा बघून सांगतात, कांताबाईनं लावलंय. अन् ही म्हणती बुरशी पाहिजे!
ती म्हणाली, ती बुरशी येगळी, ही येगळी. ही मुळाच्या आत घर करती अन् बारीक दोरे लांब सोडती. जिथं मूळ पोचत नाय तिथून पाणी आणती. झाड तिला साखर देतं. देणंघेणं.
म्हणलं, अन् निळं पाणी?
तिनं पिठाचा हात पुसला. मग म्हणाली, "ते सगळ्यालाच मारतं, आई. वाईट अन् चांगलं ओळखत नाय ते."
म्हणजे मीच मारलं म्हण की सरळ.
हे ताटावर बसले होते. म्हणाले, "बुरशी असू द्या नायतर नसू द्या, पोळी करपली."

८ फेब्रु. शनि.
भांडण झालं. कंपनीत, सगळ्यांसमोर. शेवटी वाटणी केली. गेटपासून कँटीनकडं जाणारी कामिनीची ओळ माझी. गेटपासून पार्किंगकडं जाणारी तिची. माझ्याकडं माझी रीत, युरिया, डीएपी, निळं पाणी. तिच्याकडं तिची. एकमेकीच्या ओळीत बोट घालायचं नाय.
तिनं कुठून तरी मायकोरायझाची, म्हणजे त्या मुळातल्या बुरशीची पुडी आणली. राखेसारखी भुकटी. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली, लेकराला ठेवावं तशी. सळईनं मुळाजवळ भोकं पाडली, चिमूट चिमूट सोडली, वरून पालापाचोळा.
म्हणलं, हे काय, विरजण लावतीस का?
"विरजणच हाय, आई. दही लागायला वेळ लागतो. हलवायचं नाय."
रझिया हसून हसून खाली बसली. "कांताबाई, बहू ने तो मिट्टी को भी दही जमाने बिठाया! अब कढी कब खिलाती पूछो."
मला हसू आलं नाय. तिच्या ओळीवर पण माझंच नाव हाय साहेबाच्या तोंडी.

१७ फेब्रु.
माझ्या ओळीला फूट आली! कोवळी लुसलुशीत पानं, कँटीनपर्यंत. युरिया म्हणजे युरिया. साहेब जेवायला जाताना थांबले. "वा, कांताबाई. ह्या बाजूला जमलं." मग पार्किंगकडं बघितलं अन् काहीच बोलले नाय. न बोललेलं जास्ती लागतं.
अ.ला म्हणलं, बघ.
म्हणाली, "आयतं ताट मिळालं की झाड बुरशीला दारात उभं करत नाय. तुमची ओळ फुगलीय. वाढली नाय."
फुगली म्हणती. जीभ बघा.

२४ फेब्रु.
तिची ओळ जशीच्या तशी. पिवळेपणा थोडा कमी, बाकी ठोंब्यासारखी उभी. मी एक रोप धरलं, म्हणलं उपटून बघते खाली काय चाललंय ते. धावत आली. "आई, नका! दोरे तुटतील."
"दिसतात का तुझे दोरे?"
"डोळ्यानं नाय दिसत."
"मग देव हाय का तो?"
विमल फिस्सकन हसली. अ.चं तोंड लाल. रोप सोडलं मी. पण हात शिवशिवत होता. मला दिसत नाय ते मला पटत नाय, अन् पाडवा काय थांबतोय व्हय?

३ मार्च, सोम.
वाईट दिवस.
साहेबांनी सकाळीच बोलावलं. "अर्धं कुंपण हिरवं, अर्धं आजारी. पाहुण्यांची गाडी पार्किंगच्याच बाजूनं येणार. आठवलं का? पार्किंगच्याच." बाहेर आले. अ. टाकीकडं पाइप जोडायला गेली होती. विमलला म्हणलं, ड्रम आण. पार्किंगच्या ओळीत निळं पाणी सोड, मागून युरिया. पंधरा दिवसांत फुटंल.
विमल म्हणाली, "मावशी, अश्विनीची ओळ हाय ती."
"माझी हाय. ओत!"
गेटकडच्या टोकाची थोडी झाडं झाली तोवर अ. आली. ओरडली नाय, काय नाय. पुढच्या झाडाच्या आळ्यात मांडी घालून बसली. विमल तांब्या धरून उभी, निळं पाणी तिच्या पायावर ठिबकतंय. सगळ्या बाया बघतायत.
"ऊठ."
"नाय उठत. माझ्या डोक्यावर ओता."
सिक्युरिटीवाला शिट्टी तोंडात धरून तसाच. शेवटी मीच म्हणलं, राहू दे विमल.
अ.नं हातमोजे काढले, माझ्याजवळ आणून ठेवले. "उद्यापासून येत नाय मी. पण उरलेल्या झाडांना निळं दिलंत तर..."

४ मार्च
आली नाय. घरात आहे. डबा भरून ठेवला होता माझा, रोजच्यासारखा. भाजीत मीठ बरोबर. म्हणजे राग गार आहे. गार राग वाईट.
उरलेल्या झाडांना निळं दिलं नाय. का नाय दिलं, विचारू नये कुणी.

११ मार्च
बोअरची मोटर जळाली. ऊन असलं की डांबर चिकटतंय चपलेला. टँकर येतो पण तो कँटीन अन् संडासाला. बागेला थेंब नाय. साहेब म्हणतात, मोटर वाइंडिंगला गेलीय, येईल. कधी येईल?
रझियाचा रोजा. तरी हात धुवायच्या बेसिनखाली बादली लावून बसली, ते पाणी झाडाला. म्हणलं, तू सावलीत बस गं. म्हणाली, "मैं प्यासी चलेगी, झाड को थोडी मालूम रोजा क्या है."

१५ मार्च, शनि.
माझी ओळ पडली.
काल दुपारी पानं लोंबली, आज सकाळी उठलीच नाय. ती लुसलुशीत फूट सगळ्यात आधी गेली, चुलीजवळ धरल्यासारखी. कँटीनमधून पोरं ताटं घेऊन बघत होती. एक म्हणाला, "मावशी, कोथिंबीर वाळवताय का?" त्याला अशी एक ठेवून दिली तोंडी की ताट घेऊन आत पळाला.
पार्किंगची उभी आहे. पानं जरा मुडपलीत, पण उभी आहे.
पार्किंगला दुपारनंतर भिंतीची सावली येती. सावलीनंच राहिली असंल. दुसरं काय.

१८ मार्च
आज नीट फिरले. कुणाला न सांगता.
पार्किंगच्या ओळीत गेटकडचं टोक वाळलंय. तेवढंच. जिथपर्यंत विमलनं तांब्या ओतला तिथपर्यंत. जिथं अ. बसली होती तिथून पुढं हिरवं. सावली तर ह्या ओळीच्या दोन्ही टोकांना सारखीच पडती.
परत गेले, परत बघितलं. म्हणलं गेटजवळ ट्रकची धूळ, गरम हवा, त्यानं असंल. असंल. पण गेटपलीकडं जास्वंद आहे, तिला तीच धूळ. ती बरी आहे.
रझिया मागं येऊन उभी. मीच म्हणलं, काय बघतीस? म्हणाली, "तुमकोच देख री मैं."

१९ मार्च
वाळलेलं उपटलं. माझ्या ओळीतलं एक. सुळ्ळकन निघालं, मुळं उघडी, माती झडून खाली, लावताना पिशवीतनं काढली तशीच, बाहेर गेलीच नाय इतक्या दिवसांत. मग जीव मुठीत धरून अ.च्या ओळीतलं एक कोपऱ्यातलं. निघंना. कुदळ लावावी लागली. मुरमाचा गोळा घेऊन आलं. हलवलं, झटकलं, गोळा सुटंना. मुरूम मुळाला धरून बसला होता, जसं कुणी आतून शिवलंय.
दोरे दिसले नाय. डोळे फाडून बघितलं, नाय दिसले.
लगेच परत लावलं, बेसिनचं पाणी दिलं. जगंल का माहीत नाय. कशाला उपटलं, असं झालं. पण बघितल्याशिवाय मला जमत नाय.

२० मार्च
अ.ला भाकरी थापताना म्हणलं, गेटजवळची सुकली.
"माहितीय. रझियाआपाचा फोन आला होता."
"मग बोलली नाय ते?"
"तुम्ही बोलताय का बघत होते."
भाकरी उलटली तिनं. मी म्हणलं, उद्या चल. म्हणाली, "निळा ड्रम?" म्हणलं, आणणार नाय. "युरिया?" नाय. "उपटून बघणं?"
हो म्हणायचं का खोटं म्हणायचं ते सुचंना. तिला समजलं असंल, हसली थोडी. किती दिवसांनी.
माफी वगैरे मागितली नाय मी. ती मागत पण नव्हती.

२२ मार्च, शनि.
मोटर आली, पाणी चालू. माझ्या ओळीला आता उपेग नाय.
अ. म्हणाली, पार्किंगकडं चला म्हणावं साहेबांना, दाखवू. साहेब आले. दोन्ही मुळं पुढं ठेवली, माझं उघडं अन् तिचं ते कोपऱ्यातलं, परत काढून, गोळ्यासकट. अ.नं सगळं सांगितलं, डिप्लोमाच्या भाषेत. साहेब घड्याळ बघत होते. मग मी मधी पडले. म्हणलं, साहेब, माझं मेलं, हिचं जगलं, एवढंच समजा. कँटीनची ओळ वीतभर ठेवून छाटते, हिची माती खाली घालते. मुळात जीव असला तर खालून फुटंल.
"बाई, ढेकळं काय दाखवताय मला? पाहुणे गाडीतून वरूनच बघणार. मी त्यांना खुंट दाखवू?"
"खुंट नका दाखवू. कुंड्या लावा पुढं. भाड्यानं मिळतात. लग्नात लावतात तशा."
साहेब हसले. मला वाटलं जमलं. मग म्हणाले, "कुंड्या लावतो. पण पाहुणे गेले की पुण्याचा माणूस येऊन बघेल. झाडं मेली म्हणाला, तर सगळंच त्यांच्याकडं. दोन्ही बाजू."
दोन्ही. पार्किंगची पण. ती जगलीय तरी.

२५ मार्च
छाटली. एवढी वाढवलेली झाडं स्वतःच्या हातानं कापायची म्हणजे... कात्री नीट चालंना. विमल म्हणाली, मी करू का? नको.
मग पार्किंगच्या ओळीतली पाचोळ्याखालची माती टोपल्यानं आणली. अ. म्हणाली थोडी थोडी घ्या, तिथली मुळं उघडी पडू देऊ नका. प्रत्येक खुंटाच्या बुडाशी ओंजळ ओंजळ. वर पालापाचोळा. पाणी हळू. युरियाची गोणी शेडच्या मागं सरकवली, नजरेसमोर नको म्हणून. हात तिकडंच जातो.
अ.ला विचारलं, हे विरजण लागंल का नक्की?
म्हणाली, "नक्की नाय सांगता येत. तुमचं निळं त्या मातीत अजून असंल. मोरचुदातलं तांबं लवकर जात नाय."
खोटं तरी बोलायचं गं जरा.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. हे म्हणाले, आज तरी कंपनीचं नाव नको. नाव काढलं नाय. जेवताना तीनदा आठवलं.

३ एप्रिल
पाहुणे आले, गेले. गाडी पार्किंगच्या बाजूनं. कुंड्यांपुढं एकानं फोटो काढला. भाड्याच्या शेवंतीपुढं! आम्हाला शेडमध्ये बसायला सांगितलं होतं, दिसू नये म्हणून. रझियानं ईदचा शीरखुर्मा आणला होता, उरलेला, डब्यात. तिथंच खाल्ला सगळ्यांनी. विमल म्हणाली, "मावशी, काम गेलं तर एकत्र खायचं पण गेलं." तिला म्हणलं, गप खा. मला पण तेच डोक्यात होतं.

११ एप्रिल
कुंड्या परत गेल्या. खुंट उघडे. एखाद्या खुंटाला बारीक गाठ दिसती, मोहरीएवढी. ती फूट का जुनी गाठ, समजंना. चष्मा पुसून बघितलं. अ. म्हणती फूट. विमल म्हणती कीड. मी म्हणती उद्या बघू. मी! उद्या बघू!
पार्किंगची ओळ मात्र आता बोलायला लागली. नवीन पान आलंय, कोवळं नाय तसं, जाड, गडद. हात लावला तर करकर वाजतं. तिला पण नेतील पुण्याचे.

२५ एप्रिल, शुक्र.
पुण्याचा माणूस आज आला. तरणाच, टोपी घालून, बोलायला गोड. साहेब बरोबर. मी, अ., रझिया मागं. बाकीच्या लांबून बघतायत, झाडू तसेच हातात धरून.
पार्किंगची ओळ बघून म्हणाला, "ही छान सेट झालीय." साहेब म्हणाले, "ती नंतर. आधी ही सांगा."
कँटीनची. गाठी अजून तशाच, मोहरीएवढ्या. पहिल्या खुंटापाशी बसला, अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. खाली हिरवं. ओलं हिरवं. म्हणजे जिवंत. दुसरा खुंट, खरवडला. तपकिरी. कोरडा. तिसरा, हिरवं, पण फिकं. चौथ्याला नख लावतोय तोच साहेबांचा फोन वाजला. वर कुठला तरी मोठा माणूस. साहेब "हो सर, हो सर" करत निघाले, जाताना त्याला म्हणाले, "सोमवारी उरलेले बघा. अर्ध्याच्या वर जिवंत निघाले तर ह्या बायांकडंच राहू दे. नाहीतर तुम्ही."
गेले दोघं. एवढी लांब ओळ उरलीय.
रझिया म्हणाली, "चलो, हमीच देख लेते. मालूम तो होइंगा." विमल पण आली पुढं. अ. तर खाली बसली, नख काढून, पुढच्या खुंटापाशी.
मी तिचं मनगट धरलं.
"नको. जिथं खरवडशील तिथून उन्हात वाळंल ते. सोमवारपर्यंत एकाही खुंटाला कुणी नख लावायचं नाय."
"आई, तुम्ही म्हणताय हे?"
"हो, मी म्हणतेय. जगलेलं असंल तर आपल्या नखानं मरू नये."
बाया उठल्या. पाणी दिलं हळूहळू, पाचोळा नीट केला. मी शेवटी निघाले. गाठींच्या ओळीवरून एकदा चालत गेले, हात पाठीमागं धरून.
शनिवार, रविवार मधी आहेत.